चष्मा उतरतो, काचबिंदू लपतो

लग्नाची बोलणी, पोलीस भरतीची तयारी, जहाजावरची नोकरी, नाहीतर पावसात दुचाकी चालवताना दर दोन मिनिटांनी पुसाव्या लागणाऱ्या काचा. पेण आणि रोह्याकडच्या तरुण मुलामुलींना चष्मा नकोसा होतो तो बहुधा यातल्याच एखाद्या कारणाने. मग दिवा-रोहा गाडी पकडायची, पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबई गाठायची, तपासणी करून घ्यायची आणि शुक्रवारी ‘लेझर मारून’ सोमवारी कामाला लागायचे. शस्त्रक्रिया काही मिनिटांची असते, टाके नसतात, भरती व्हावे लागत नाही. बहुतेकांना निकालही समाधानकारक मिळतो. त्यामुळे एकाने केले की त्याच्या आळीतली आणखी दोघे-तिघे जातात.

या गर्दीत काही जण असे असतात, ज्यांच्या घरात काचबिंदू आहे. त्यांना ते ठाऊक नसते. आजीची दृष्टी ‘मोतीबिंदू पिकून’ गेली, असे घरात सांगितले जाते. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने बहुतेक वेळा परत मिळते, मग आजीची का मिळाली नाही, हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो. त्याचे उत्तर काचबिंदू असू शकते. आणि ज्या घरात तो आहे, त्या घरातल्या नातवाने चष्म्याचा नंबर घालवण्याआधी काही गोष्टी समजून घेणे गरजेचे आहे. लेझरने काचबिंदू होतो असे नाही. पण लेझर झालेल्या डोळ्यात तो ओळखणे अवघड होते आणि काही परिस्थितींत या शस्त्रक्रियेमुळे आधीच दुखावलेल्या नसेला धक्का बसू शकतो.

उघाडी तुंबली की

डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो. बुबुळाला आणि भिंगाला तो पोषण देतो आणि एका अरुंद कोपऱ्यातल्या जाळीतून बाहेर पडून रक्तात मिसळतो. पेणच्या खारेपाटात राहणाऱ्याला हे चटकन समजेल. शेतात साचलेले पाणी बांधाच्या उघाडीतून खाडीत जाते. उघाडी गाळाने तुंबली की पाणी शेतातच राहते आणि पीक कुजते. डोळ्यातली जाळी तुंबली की द्रव साचतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टीच्या नसेवर त्याचा भार येतो. या नसेत सुमारे दहा-बारा लाख तंतू असतात. ते एकेक करून मरत जातात आणि मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही.

आधी बाजूची नजर जाते. समोरचे अक्षर, सुईचे नेढे, बसची पाटी सगळे शेवटपर्यंत दिसत राहते. दुखत नाही, लाल होत नाही. एका डोळ्यातली उणीव दुसरा डोळा भरून काढतो. म्हणूनच भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा असा अंदाज २०१० मध्ये मांडला गेला, आणि लोकवस्तीत जाऊन केलेल्या पाहण्यांत दहापैकी सुमारे नऊ रुग्णांना आपल्याला हा आजार आहे याची कल्पनाच नव्हती.

दाब साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. पण दाब २१च्या आत असूनही नस खराब होणारे रुग्ण भारतात कमी नाहीत. उलट दाब २४-२५ असून वर्षानुवर्षे नस शाबूत राहिलेलेही असतात. म्हणून निदान फक्त दाबावर होत नाही. नसेचे रूप, नजरेचे क्षेत्र, कोपऱ्याची रुंदी आणि घरचा इतिहास, हे सगळे एकत्र पाहावे लागते. तरीही दाब हा आजच्या घडीला उपचाराने बदलता येणारा एकमेव घटक आहे, आणि तो नीट मोजता येणे हा सगळ्या उपचाराचा पाया आहे. लेझर शस्त्रक्रिया नेमकी तिथेच गोंधळ करते.

टर्कीच्या हाडापासून बुबुळापर्यंत

चष्म्याचा नंबर काढणाऱ्या लेझरची कथा एका भारतीय वंशाच्या रसायनशास्त्रज्ञापाशी सुरू होते. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत होते. १९८१च्या नोव्हेंबरमध्ये ‘थँक्सगिव्हिंग’च्या सणाच्या दुसऱ्या दिवशी ते घरच्या जेवणातून उरलेला टर्कीचा तुकडा प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि त्यावर त्यांनी एक्सायमर लेझर सोडला. अतिनील प्रकाशाच्या या १९३ नॅनोमीटरच्या किरणाने हाड आणि ऊती जाळल्या नाहीत. आजूबाजूला भाजल्याची खूण न ठेवता त्याने सरळ, स्वच्छ कड कापली. सॅम्युअल ब्लम आणि जेम्स वाइन हे त्यांचे सहकारी होते. पुढे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी हाच किरण बुबुळासाठी वापरता येईल हे दाखवले. १९९०च्या सुमारास ग्रीसमध्ये इओआनिस पालिकारिस यांनी पापुद्रा उचलून त्याखाली लेझर देण्याची पद्धत रुळवली. तीच आजची लेसिक. श्रीनिवासन, ब्लम आणि वाइन यांना या कामासाठी अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. ते २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या हस्ते देण्यात आले.

लघुदृष्टीच्या म्हणजे उणे नंबरच्या डोळ्यात प्रकाश पडद्याच्या अलीकडेच एकवटतो. बुबुळावरचा पारदर्शक थर, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, तो मध्यभागी थोडा सपाट केला की प्रकाश पडद्यावर पडतो आणि चष्म्याची गरज उरत नाही. सपाट करायचे म्हणजे काही भाग काढून टाकायचा. एका नंबरामागे सुमारे १२ ते १५ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

पद्धती मुख्यतः तीन. लेसिकमध्ये साधारण १०० ते १२० मायक्रॉनचा पापुद्रा कापून बाजूला करतात, खालचा भाग लेझरने घासतात आणि पापुद्रा परत बसवतात. पीआरकेमध्ये पापुद्रा नसतो. वरची नाजूक त्वचा काढून थेट लेझर देतात. तीन-चार दिवस डोळा दुखतो आणि नजर स्थिरावायला आठवडे लागतात. स्माइल या पद्धतीत आतल्या आत एक पातळ चकती कापून छोट्या चिरेतून बाहेर काढतात.

हिशेब करून पाहू. बुबुळाची जाडी ५४० मायक्रॉन आणि नंबर उणे ५ असेल तर सुमारे ७० मायक्रॉन जातात आणि ४७० उरतात. जाडी ५०० आणि नंबर उणे ८ असेल तर ११० च्या आसपास जातात. पापुद्र्याचे ११० वजा केले, कारण तो परत चिकटला तरी ताकद देत नाही, तर भार पेलणारा थर २८० मायक्रॉनच उरतो. हा थर २५० च्या खाली जाऊ देऊ नये असा जुना दंडक आहे आणि आज बरेच शल्यविशारद २८० ते ३०० हीच मर्यादा मानतात. त्यामुळे दुसऱ्या रुग्णाला ‘लेसिक नको’ असे सांगणारा डॉक्टर त्याचे नुकसान करत नसतो.

नागपूरचा आकडा

पुस्तकात बुबुळाची सरासरी जाडी ५४० मायक्रॉनच्या आसपास दिलेली असते. ते आकडे बहुतांशी पाश्चात्त्य लोकांचे. महाराष्ट्रात या विषयावर एक मोठी पाहणी झाली आहे. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतले प्रा. योस्ट योनास यांच्या पुढाकाराने २००६ ते २००९ या काळात नागपूरजवळच्या खेड्यांतल्या तिशीपुढच्या ४,७११ लोकांची तपासणी झाली. शेतकरी, शेतमजूर आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया. त्यांच्या बुबुळाची सरासरी जाडी निघाली ५१४ मायक्रॉन.

विदर्भातल्या खेड्याचा आकडा कोकणाला जसाच्या तसा लागू होईल असे नाही. पण पेण-रोह्याच्या तरुणाची जाडी पुस्तकातल्या आकड्याएवढी असेलच असे धरून चालता येत नाही, एवढे त्यातून स्पष्ट होते. प्रत्येक डोळा वेगळा मोजावा लागतो. या मोजणीला पॅकिमेट्री म्हणतात. ती एका मिनिटाची आहे आणि वेदनारहित आहे.

पातळ बुबुळाला काचबिंदूच्या संदर्भात आणखी एक अर्थ आहे. अमेरिकेत दाब जास्त पण नस ठीक असलेल्या १,६३६ लोकांना वर्षानुवर्षे तपासत राहिलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. ज्यांचे बुबुळ जन्मतः पातळ, ५५५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी होते, त्यांना पुढे काचबिंदू होण्याचा धोका ५८८ च्या पुढची जाडी असलेल्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. इथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. हा धोका निसर्गतः पातळ असलेल्या बुबुळाशी जोडलेला आहे. लेझरने पातळ केलेल्या बुबुळामुळे आजाराचा धोका वाढतो, असे या अभ्यासातून निघत नाही. लेझरने बिघडते ते मोजमाप.

अंगठ्याने हवा तपासणे

सायकलच्या चाकात हवा किती आहे, हे आपण टायर अंगठ्याने दाबून पाहतो. टायर जाड असेल तर हवा कमी असूनही चाक टणक लागते. टायर झिजून पातळ झाला असेल तर हवा भरपूर असूनही मऊ लागते. डोळ्याचा दाब मोजणारे यंत्रही असाच अंगठा आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातले डॉ. हान्स गोल्डमान यांनी १९५०च्या दशकात तयार केलेले उपकरण आजही जगभर प्रमाण मानले जाते. बुबुळाचे ३.०६ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ सपाट करायला किती जोर लागतो, यावरून ते दाब सांगते. हे गणित मांडताना बुबुळाची जाडी ५२० मायक्रॉनच्या आसपास धरलेली होती. गोल्डमान यांच्या काळात बुबुळ मुद्दाम पातळ करण्याची शस्त्रक्रिया रुळलेली नव्हती.

लेसिकनंतर बुबुळ पातळ होते, सपाट होते आणि त्याचा ताठपणाही कमी होतो. यंत्राला कमी जोर लागतो आणि ते कमी दाब दाखवते. ही घट साधारणपणे दोन ते चार मिलिमीटर असते. नंबर मोठा असेल तर त्याहूनही जास्त. डोळ्याच्या आतला खरा दाब मात्र होता तेवढाच असतो.

समजा, एका तरुणाचा शस्त्रक्रियेआधीचा दाब १९ होता. नंतर यंत्राने १५ दाखवला. पंधरा वर्षांनी, वयाच्या चाळिशीत, त्याच्या डोळ्यातली जाळी तुंबू लागते आणि खरा दाब २५ होतो. यंत्र २१ दाखवते. तपासणारा डॉक्टर नवीन असतो आणि जुने कागद नसतात. शिवाय रुग्णाला चष्मा नसल्याने तो लघुदृष्टीचा होता हेही कुणाला कळत नाही. कागदावर ‘दाब सामान्य’ असे लिहिले जाते. अशी दोन-तीन वर्षे गेली की नजरेचे जे क्षेत्र जाते, ते कोणतीही शस्त्रक्रिया परत आणून देत नाही.

या आकड्यात अमुक मिलिमीटर मिळवा की खरा दाब मिळेल, असे सूत्र अनेकांनी मांडले. भरवशाचे एकही ठरले नाही. बुबुळाच्या जाडीवर कमी अवलंबून असलेली यंत्रे आज मोठ्या केंद्रांत मिळतात. त्यांचा उपयोग होतो, पण तालुक्याच्या ठिकाणी ती सहसा नसतात. म्हणून सगळ्यात भरवशाचे उत्तर तेच जुने आहे. शस्त्रक्रियेआधीचा दाब आणि जाडी कागदावर असायला हवी आणि तो कागद रुग्णापाशी असायला हवा.

लघुदृष्टी जाते कुठे?

नंबर गेला म्हणजे लघुदृष्टी गेली, असा समज आहे. तो चुकीचा आहे. उणे नंबरचा डोळा बहुतेक वेळा मागच्या बाजूने लांबट असतो. लेझर पुढचा थर घासतो. डोळ्याची लांबी तशीच राहते. लांबट डोळ्यातला पडदा ताणलेला असतो, नसेचा आधार कमकुवत असतो, आणि त्यामुळेच लघुदृष्टी असलेल्यांना काचबिंदूचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो. शस्त्रक्रियेनंतरही हा धोका तितकाच असतो. चष्मा असताना निदान दरवर्षी नंबर तपासायला माणूस डॉक्टरकडे जात होता. चष्मा गेल्यावर तेही थांबते.

लांबट डोळ्यातली नस तिरकी, फिकट आणि पसरट दिसते. काचबिंदूने खराब झालेली नसही काहीशी तशीच दिसते. नसेच्या थराची जाडी मोजणारे ओसीटी यंत्र निरोगी लघुदृष्टीच्या डोळ्यातही लाल रंगाची खूण दाखवू शकते, कारण त्याची तुलना सामान्य लांबीच्या डोळ्यांशी असते. एका तपासणीवर निदान करणे यामुळे कठीण होते. दोन-तीन वर्षांच्या तपासण्या शेजारी ठेवल्या तर मात्र नस बदलते आहे की तशीच आहे, हे कळते. शस्त्रक्रियेच्या आधीची तपासणी म्हणून मोलाची असते.

वीस सेकंदांचा दाब, दोन महिन्यांचे थेंब

लेसिकचा पापुद्रा कापताना डोळा हलू नये म्हणून त्यावर एक कडे बसवून हवेच्या ओढीने घट्ट धरतात. पात्याने पापुद्रा कापण्याच्या पद्धतीत त्या काही सेकंदांत डोळ्यातला दाब ६५ मिलिमीटरच्या वर जातो. लेझरने पापुद्रा कापताना तो तुलनेने कमी वाढतो, पण ओढ जास्त वेळ राहते. निरोगी नस हे सहज सोसते. काचबिंदूने अर्धी वाळलेली नस सोसेल याची खात्री देता येत नाही. काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात, जिथे पांढऱ्या भागाखाली पाण्याला नवी वाट करून दिलेली असते, तिथे हे कडे त्या वाटेलाच इजा करू शकते.

दुसरा धोका बाटलीत असतो. शस्त्रक्रियेनंतर सूज आणि डाग टाळण्यासाठी स्टेरॉइडचे थेंब देतात. लेसिकनंतर ते थोडे दिवस असतात, पीआरकेनंतर बऱ्याचदा काही आठवडे ते दोन-तीन महिने. सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांचा डोळ्याचा दाब या थेंबांनी कमी-अधिक वाढतो. शंभरातल्या चार ते सहा जणांचा तो खूपच वाढतो. काचबिंदू असलेल्यांत आणि त्यांच्या सख्ख्या नात्यात हे प्रमाण बरेच जास्त आहे.

लेसिकच्या डोळ्यात याची एक विचित्र गुंतागुंत दिसते. स्टेरॉइडने दाब वाढला की आतला द्रव बुबुळातून झिरपून पापुद्र्याखाली साचतो. वरून यंत्र लावले की ते त्या पाण्याच्या गादीवर टेकते आणि दाब ८ किंवा १० दाखवते. नजर धूसर झालेली असते. पापुद्र्याखाली सूज आली असे समजून स्टेरॉइड वाढवले तर दाब आणखी चढतो. ओळखले गेले तर उपाय सोपा आहे. थेंब बंद करायचे आणि दाब उतरवायचा. ओळखले गेले नाही तर तरुण माणसाची नस काही आठवड्यांत कायमची खराब होऊ शकते.

पेण-रोह्यातल्या रुग्णासाठी खरी जोखीम इथे आहे. शस्त्रक्रिया दूरच्या शहरात झालेली असते. आठवड्याने बोलावले तेव्हा गेले. महिन्याने बोलावले तेव्हा भात लावणीची कामे, परीक्षा किंवा गणपतीच्या कारखान्यातली गडबड. नजर तर छान आहे, मग एवढ्या लांब कशाला, म्हणून फेरी टळते. थेंब मात्र चालूच राहतात, कारण मेडिकलमध्ये जुनी बाटली दाखवली की नवी मिळते. डोळे आले, खाज सुटली, धूळ गेली की तीच बाटली घरातले इतरही वापरतात. दाब मोजण्यासाठी मुंबई गाठायची गरज नसते. जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे किंवा सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात ‘लेझर झाले आहे आणि स्टेरॉइड चालू आहे’ असे स्पष्ट सांगून तपासणी करून घेतली, तरी निम्मे काम होते.

कुणी करावे, कुणी थांबावे

काचबिंदूचे निदान पक्के झालेले असेल, नजरेचे क्षेत्र कमी झालेले असेल किंवा दाब औषधाने आटोक्यात नसेल, तर चष्म्याचा लेझर करू नये. चष्म्याने माणसाचे नुकसान होत नाही, गेलेली नस मात्र परत मिळत नाही.

फक्त धोका असलेल्यांचे काय? घरात आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांना काचबिंदू असेल तर त्या व्यक्तीचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. काहींचा दाब जास्त पण नस चांगली, काहींची नस संशयास्पद पण क्षेत्र पूर्ण. अशांना सरसकट नकार देण्याचे कारण नाही. त्यांची शस्त्रक्रिया होऊ शकते, पण आधी काचबिंदूची संपूर्ण तपासणी हवी. त्यात गोल्डमान यंत्राने वेगवेगळ्या वेळी मोजलेला दाब, बुबुळाची जाडी, कोपरा पाहण्याची गोनिओस्कोपी, नसेचा फोटो, ओसीटी आणि नजरेच्या क्षेत्राची म्हणजे पेरिमेट्रीची चाचणी एवढे यायला हवे. पीआरकेमध्ये ओढीचा प्रश्न नसतो, पण थेंब जास्त काळ लागतात. म्हणून कोणती पद्धत निवडायची हे शल्यविशारदाने आणि काचबिंदूच्या डॉक्टरने मिळून ठरवलेले बरे. डोळ्यात भिंग बसवण्याचा पर्यायही काहींना सुचवला जातो. त्यालाही डोळ्यात पुरेशी जागा लागते आणि त्यानंतरही दाबावर लक्ष ठेवावे लागते.

कामाचाही विचार व्हायला हवा. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराला उणे तीनचा नंबर असेल, तर चाळिशीनंतर तो चष्मा काढून हातभर अंतरावरची रेघ स्वच्छ पाहू शकतो. लेझरने नंबर काढला तर त्याला लांबचे विनाचष्मा दिसेल, पण आखणीसाठी जवळचा चष्मा लागेल. ज्या कामावर पोट आहे त्यालाच चष्मा लागणार असेल, तर व्यवहार तोट्याचा ठरू शकतो. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्याने हेही समजून घ्यावे की लेझरने चष्मा गेला तरी सुरक्षा चष्मा जात नाही. रायगडच्या मातीत कबड्डी आहे. चढाईत डोळ्याला कोपर किंवा बोट लागले तर लेसिकचा पापुद्रा वर्षांनंतरही सरकू शकतो, म्हणून खेळाडूंना पापुद्र्याशिवायच्या पद्धती सुचवतात. शिवाय अशा मुका मार लागलेल्या डोळ्यात पाणी निचऱ्याचा कोपरा फाटून पुढे कित्येक वर्षांनी काचबिंदू होऊ शकतो. त्यामुळे डोळ्याला लागलेला मार डॉक्टरला सांगायला विसरू नये.

नोकरीसाठी नंबर काढणाऱ्यांनी आधी त्या भरतीचे वैद्यकीय नियम वाचावेत. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदासाठी लेसिक झालेला उमेदवार अपात्र ठरतो. ज्या नोकरीसाठी शस्त्रक्रिया केली, तीच नोकरी शस्त्रक्रियेमुळे जाण्याची वेळ येऊ नये.

‘लेझर झालंय’ म्हणजे नेमके कोणते?

तपासणीच्या टेबलावर रुग्ण सांगतात, ‘माझ्या डोळ्याला लेझर झालंय.’ लेझर अनेक प्रकारचे असतात. कोपरा अरुंद असेल तर बुबुळाच्या रंगीत पडद्याला बारीक छिद्र पाडणारा लेझर देतात. जाळी मोकळी करण्यासाठी दिला जाणारा लेझर काचबिंदूवरचा उपचार आहे. मधुमेहात मागच्या पडद्यावर लेझर देतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर भिंगामागे आलेली जाळी साफ करण्याचा लेझर आणखी वेगळा. यातल्या एकानेही चष्म्याचा नंबर जात नाही किंवा बुबुळ पातळ होत नाही. उलट चष्म्याच्या लेझरने काचबिंदू बरा होत नाही. ‘एकदा लेझर केले, आता प्रेशर कमी झाले,’ असा समज करून घेऊन कुणी काचबिंदूचे थेंब बंद केले, तर यंत्राचा फसवा आकडा त्या समजाला दुजोराच देतो.

ज्यांनी या शतकाच्या सुरुवातीला पंचविशीत लेसिक करून घेतले, ते आता पन्नाशीजवळ आले आहेत. काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही डोकावण्याचे हे वय. त्यांना मोतीबिंदूच्या वेळीही जुने आकडे लागतील, कारण बदललेल्या बुबुळात बसवायच्या भिंगाचे गणित नेहमीच्या सूत्राने चुकते. या सर्वांनी चष्मा असो वा नसो, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून नस आणि मागचा पडदा तपासून घ्यावा आणि डॉक्टर बदलला की पहिल्याच वाक्यात लेसिकचे सांगावे.

ज्यांना आता शस्त्रक्रिया करायची आहे, त्यांनी आधी घरात विचारावे की कुणाची नजर गेली होती का आणि ती कशाने गेली. तपासणीनंतर डॉक्टरला चार गोष्टी विचाराव्यात. माझ्या बुबुळाची जाडी किती आणि शस्त्रक्रियेनंतर किती उरेल? माझा आजचा दाब किती? माझी नस कशी आहे, आणि तिचा फोटो किंवा ओसीटी मला मिळेल का? थेंबांत स्टेरॉइड आहे का, ते कधी बंद करायचे आणि तोवर दाब कधी-कधी मोजायचा? शस्त्रक्रियेआधीचा नंबर, दाब, जाडी आणि बुबुळाचा नकाशा यांच्या प्रती मागून घ्याव्यात, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावेत आणि कागद घराच्या सातबाऱ्याबरोबर जपून ठेवावेत. वीस वर्षांनी त्या कागदावरच्या दोन आकड्यांवरून एखाद्या डॉक्टरला कळेल की यंत्र दाखवते त्यापेक्षा डोळ्यातला दाब जास्त आहे.